हात काळे करायची लाज कुणाला वाटते?

"इंजिन गेलंय. हिच्यावर आता खर्च करू नका, नवीन घ्या."

हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा कानावर आलंय की बोलणाऱ्यांना ते तस्बीहसारखं पाठ झालं असावं. मिक्सर असो, विहिरीवरची मोटार असो, मोबाइल असो, नाहीतर झाडं कापायची चेनसॉ असो. सांगणारा मशीन उघडत नाही. दोरी दोनदा ओढतो, ओठ मुडपतो आणि निकाल देतो. ऐकणारा मान डोलावतो, कारण विचारायचं काय हेच त्याला माहीत नसतं. नेमकं काय गेलं? कशामुळे गेलं? नवीन घेतली तर तीही तशीच जाणार नाही कशावरून? एखाद्या डॉक्टरनं पोटाला हात न लावता "किडनी गेली, नवीन बसवा" असं सांगितलं असतं तर आपण त्याच्या दवाखान्यासमोर गर्दी जमवली असती. मशीनच्या बाबतीत मात्र आपण मुकाट पाकीट काढतो.

मी या वेळी पाकीट काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा चेनसॉचं इंजिन घरी, मागच्या पडवीत उघडलं आणि दुरुस्त केलं. त्यातली माहिती पुढे येईलच, पण हा लेख त्या दुरुस्तीचं कौतुक करायला लिहिलेला नाही. तो दोन पक्षांच्या विरोधात आहे. एक पक्ष दुकानात बसतो. दुसरा आपल्याच घरात, आपल्याच दस्तरखानावर बसतो, आणि माझा जास्त राग त्या दुसऱ्यावर आहे.

ज्यांना चेनसॉ ही जंगल ठेकेदाराची वस्तू वाटते त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगतो. आमच्या किनारपट्टीवर ती तशीच होती. कुऱ्हाड, कोयता आणि दोघांनी ओढायची करवत एवढ्यावर गावाचं भागायचं. मग 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड, खाली मंडणगड, दापोली. नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. घरांवर झाडं, रस्त्यांवर झाडं, वीज नाही. त्या दिवसांत ज्याच्याकडे चेनसॉ होती तो गावचा राजा होता. नंतर ज्याला जमलं त्यानं घेतली. कुणी नावाजलेल्या परदेशी कंपनीची, कुणी 58 सीसीची स्वस्त चिनी. वर्ष भरतं न भरतं तोच मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्यालगतून गेलं आणि राहिलेल्यांनीही घेऊन टाकली. त्या सगळ्या मशिनी आता एकदमच म्हाताऱ्या झाल्यात. आमच्याकडे पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेली चेनसॉ दिसली की समजायचं, हिचं इंजिन "गेलंय".

माझं म्हणणं असं की त्यातल्या बऱ्याच मशिनींचं इंजिन गेलेलं नाही. गेलेली आहे ती मालकाची उघडून बघायची हिंमत.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे जुन्या स्कूटरचं धाकटं भावंड. एक सिलिंडर, एक पिस्टन, पिस्टनवर एक किंवा दोन रिंगा, खाली क्रँक. व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. वंगणाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल आतल्या भागांना माखतं. रिकामी, पूर्ण गतीला हा पिस्टन मिनिटाला 12-13 हजार फेरे मारतो, सेकंदाला दोनशेच्या वर. धातू आणि धातूच्या मध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा, बस. तो पापुद्रा फाटला की पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरला चिकटतं, ओरखडे पडतात, रिंग अडकते, कॉम्प्रेशन उतरतं. मग दोरी लोण्यातून ओढल्यासारखी येते आणि मशीन चालू होत नाही. "इंजिन गेलं" म्हणतात ते हेच.

पण कॉम्प्रेशन उतरलंय हे लक्षण झालं, कारण नव्हे. घरी ते तपासायला फार काही लागत नाही. मशीन बंद असताना स्टार्टरच्या मुठीला धरून मशीन हवेत सोडा. निरोगी इंजिन दोरीला अडून अडून खाली येतं, झिजलेलं सरळ सुटतं. प्लगच्या जागी कॉम्प्रेशनचा मीटर लावला तर दीडशे पीएसआयच्या आसपास आकडा आला पाहिजे. शंभराच्या खाली आला तर आत काहीतरी बिघडलंय. मग सायलेन्सर काढायचा. दोन-तीन बोल्ट. मागे जी खिडकी दिसते त्यातून टॉर्च मारली की पिस्टन समोर दिसतो. गुळगुळीत आहे की उभ्या रेघा पडल्यात, हे शाळेतलं पोरही सांगेल. एवढंच करायला सर्व्हिस सेंटरमध्ये कुणाला वेळ नव्हता.

हो, मी आधी सर्व्हिस सेंटरलाच गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण हा आजार एकट्याचा नाही. तिथल्या तरुणानं सांगितलं की पिस्टन सुटा येत नाही, रिंग सुटी येत नाही, सिलिंडर-पिस्टनचा पूर्ण संच येतो, मजुरी वेगळी, महिना लागेल. त्यापेक्षा नव्या मॉडेलवर सूट चालू आहे. सगळं मिळून नव्या मशीनच्या निम्म्याच्या पुढे जात होतं. पोरगा नम्र होता. त्याला शिकवलंच तेवढं होतं. पण मी विचारलं की झिजलं कशानं, तेव्हा तो म्हणाला, "वापरानं."

वापरानं! म्हातारपणानं माणूस मेला म्हणतात तसं.

आता त्याच मशीनचं मी काय पाहिलं ते सांगतो. पिस्टन काढून हातात घेतला की तो बोलतो, फक्त वाचता आलं पाहिजे. ओरखडे सगळ्या बाजूंनी असतील तर बहुधा बिनतेलाचं पेट्रोल गेलंय. आत येणाऱ्या खिडकीच्या बाजूला, खालच्या कडेला झिजलेलं मळकट रूप असेल तर एअर फिल्टरमधून धूळ गेलीय. आमच्या लाल मातीत आणि माडाच्या भुशात हे नेहमीचं. आणि ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन तापलंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळालंय. माझ्या पिस्टनवर तिसरा प्रकार होता. आता हवा जास्त आली कुठून? कार्बोरेटर आणि सिलिंडर जोडणारं रबर असतं, अंगठ्याएवढं. वाकवून पाहिलं तर आतल्या घडीत भेग. त्या भेगेतून चोरून हवा येत होती. समजा मी पैसे भरून सिलिंडर-पिस्टनचा संच बदलून घेतला असता आणि ते रबर तसंच राहिलं असतं, तर नवा पिस्टन त्याच रस्त्यानं गेला असता. मग पुन्हा तोच निकाल, "वापरानं".

म्हणून पहिल्यांदा इंजिन उघडणाऱ्याला माझं सांगणं आहे की पिस्टन बदलणं सोपं, कारण शोधणं हे काम. कारण सापडल्याशिवाय नवा भाग विकत घेऊ नका.

बाकी कामात भीतीदायक काही नाही, पण काही ठिकाणी जपावं लागतं. आधी पट्टी आणि चेन उतरवून बाजूला ठेवा. पेट्रोल रिकामं करा, आणि हे सगळं उघड्यावर, स्वयंपाकघराशेजारी नको. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या. स्क्रू सुपारीच्या डब्यात एकत्र टाकू नका, पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढून ज्या त्या जागी टोचून ठेवा. सिलिंडर खालच्या चार बोल्टवर बसतो. तो उचलला की लगेच क्रँकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, कारण पिस्टनची पिन धरणारं तारेचं लॉक उडतं आणि बरोबर तिथेच जातं. डोळ्यांवर चष्मा हवा. ते लॉक पुन्हा वापरायचं नाही, नवीन टाकायचं, आणि त्याचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवायचं, आडवं नाही. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो तो सायलेन्सरकडे. रिंगेची फट पिस्टनच्या खाचेतल्या बारीक खुंटीवरच बसली पाहिजे. नाहीतर रिंग खिडकीत अडकून तुटते. क्लच काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, बहुतेक चेनसॉंमध्ये त्याचे आटे उलटे असतात, उजवीकडे फिरवल्यावर सुटतो. इथे ताकद लावून क्रँकचा दांडा तोडणारे महारथी मी पाहिलेत.

सिलिंडर फेकायचा की ठेवायचा, हा मोठ्या पैशांचा प्रश्न. आत क्रोमचा किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर असतो. त्याच्यावर ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं आणि ते जखमेसारखं दिसतं, पण बऱ्याचदा थर खाली शाबूत असतो. नख फिरवा. नख उंचवट्यावर अडखळलं तर चिकटलेला माल आहे. खड्ड्यात अडकलं आणि खाली मऊ धातू दिसला तर थर गेला, सिलिंडर गेला. चिकटलेलं ॲल्युमिनियम संडास साफ करायच्या ॲसिडनं सुटतं. कापसाच्या काडीनं फक्त डागावर, थेंबाथेंबानं. फेस येतो, पुसायचं, परत लावायचं. फेस थांबला म्हणजे वर ॲल्युमिनियम उरलं नाही. खिडक्यांच्या कडांना लागू द्यायचं नाही, कारण सिलिंडर मूळचा ॲल्युमिनियमचाच आहे. हातमोजे, चष्मा, उघडी हवा, पोरं लांब. मग भरपूर पाण्यानं धुऊन लगेच तेल, आणि बारीक पॉलिश पेपर तिरक्या रेघांत हलक्या हातानं. माझा सिलिंडर असा वाचला. नवी लागली ती एक पिस्टन-रिंग, एक गॅस्केट, दोन लॉकं आणि ते रबर. सुटे मिळत नाहीत म्हणून सांगितलेले हे सगळे भाग कुरिअरनं सुटेच घरी आले.

जोडल्यावर इंजिन हवा धरतंय का, हेही घरी बघता येतं. दोन्ही खिडक्या रबराच्या तुकड्यानं झाकून बोल्ट आवळायचे आणि प्लगच्या भोकातून बीपी मोजायच्या जुन्या यंत्राच्या फुग्यानं हवा भरायची. त्याचा काटा तीनशेच्या आत ठेवायचा आणि बघायचं, उतरतो का. उतरला तर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे जागा दाखवतात. सर्व्हिस सेंटरनं हेच केलं असतं तर माझ्या रबराची भेग त्यांना तिथेच सापडली असती. (क्रँकचं सील आतून ओढ लागल्यावरही गळू शकतं; त्यासाठी उलटा पंप लागतो.)

पेट्रोलबद्दल इथेच बोलून घेतो, कारण या झिजेत सरकारचाही वाटा आहे. 2025 मध्ये देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांवर पोचलं आणि त्याचा डंका वाजला. बऱ्याच चेनसॉ कंपन्यांच्या पुस्तिका 10 टक्क्यांच्या पुढे जाऊ नका म्हणतात. इथेनॉलच्या अंगात ऑक्सिजन असतो. तेवढ्याच हवेला ते जास्त प्रमाणात लागतं. कार्बोरेटर जुन्याच मापानं सोडत राहिला की मिश्रण पातळ, इंजिन गरम. शिवाय ते पाणी शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात टाकीत चार महिने पडलेलं पेट्रोल म्हणजे कार्बोरेटरच्या पडद्याला आणि रबराला विषच. पंपावर वाडीवाला विचारतो का, बिनइथेनॉलचं आहे का म्हणून? साधं पेट्रोल निवडायची सोय त्याला पंपावर कुणी ठेवलीच नाही. मग एवढं तरी करावं: लिटरला 20 मिलि चांगलं तेल, मापानं, अंदाजपंचे नाही (जास्त तेल घातलं तर भलं होतं हाही गैरसमज आहे, त्यानं पेट्रोलचं प्रमाण घटतं), काम संपलं की टाकी रिकामी, आणि कार्बोरेटरचा एच स्क्रू किंचित उघडा. पूर्ण गतीला मोकळ्या हवेत आवाज जरा फाटका यायला हवा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. मोकळ्या हवेतच शिट्टीसारखा सुरेल आवाज येत असेल तर खूश होऊ नका.

झालं दुकानदाराचं. आता घरचा पक्ष.

मशीन पडवीत उघडून बसलो होतो तेव्हा दोहाहून मोठ्या भावाचा फोन आला. "काय चाललंय?" म्हटलं, पिस्टन साफ करतोय. तो हसला. "अरे, कशाला हात काळे करतोस? मास्तर माणूस तू. मी पैसे पाठवतो, नवीन घे." भाऊ प्रेमानंच बोलला. पण हा माझा भाऊ तिकडे पंचवीस वर्षं एसीचे कॉम्प्रेसर उघडतोय! त्याच्याच पिढीतले आमच्या मोहल्ल्यातले निम्मे लोक आखातात फिटर, वेल्डर, मेकॅनिक, क्रेनवाले. तिकडे दिवसभर हात काळे करायचे आणि गावी आल्यावर नळाचा वॉशर बदलायलाही माणूस बोलवायचा. तिकडे उस्ताद, इकडे शेठ. हुनर आपण परदेशात विकतो आणि घरात लपवतो. पोरांना त्यातलं काय मिळतं? फक्त पैसे, आणि "नवीन घे" हे वाक्य.

ही लाज कुठून आली, याचा विचार कौमनं एकदा मोकळेपणानं केला पाहिजे. आपल्या आडनावांकडे बघा. शिकलगार, नालबंद, लोहार, पिंजारी, मनियार, रंगरेज. शिकलगार म्हणजे हत्याराला धार देणारा. एवढा थेट पुरावा आपण नावात घेऊन फिरतो आणि लग्न ठरवताना पोरगा गॅरेजात आहे म्हटलं की आपल्याच घरात चेहरे पडतात. सच्चर समितीनं 2006 मध्ये सांगितलं की मुस्लिम कामगार मोठ्या संख्येनं स्वतःच्या हिमतीवरच्या धंद्यांत आहेत. वस्त्रोद्योग, वाहनदुरुस्ती, छोटी कारागिरी. आपण तो अहवाल मागासलेपणाचा दाखला म्हणून फडकावतो. तो दाखला आहेच. बँका कर्ज देत नाहीत, शाळा लवकर सुटतात, नोकऱ्यांत वाटा नाही, हे सगळं खरं. पण त्या यादीतला मेकॅनिक म्हणजे आपल्या अपयशाची खूण, असं त्यात कुठं लिहिलंय? ते आपण वाचलं.

आणि दुसरीकडे आपला अभिमान बघा. शाळेच्या कार्यक्रमात, जलशात, व्हॉट्सॲपवर अल-जझरीचं नाव निघतं. दियारबकरच्या दरबारातला कारागीर, 1206 चा ग्रंथ, पाण्याची घड्याळं, दोन सिलिंडर आणि पुढे-मागे सरकणारे पिस्टन असलेला पंप. "बघा, पिस्टन आपण दिला जगाला!" दिला असेल, पण त्या माणसानं तो स्वतःच्या हातांनी घडवून, चालवून, मग लिहिला. आठशे वर्षांपूर्वीच्या पिस्टनचा अभिमान मिरवायचा आणि कोपऱ्यावरच्या उस्तादाच्या नखातल्या काळ्या रेषेकडे बघून नाक मुरडायचं, याला मी ढोंग म्हणतो. रसूलुल्लाह आपल्या चपला स्वतः सांधायचे, कपड्याला ठिगळ स्वतः लावायचे, हे मदरशातलं लहान पोरही सांगेल. बयानात ते ऐकून डोळे पुसणारे गृहस्थ घरी येऊन तुटलेली चप्पल कचऱ्यात टाकतात.

बरं, घरात दुरुस्ती होत नव्हती असंही नाही. आमच्या अम्मीनं शिलाई मशीन चाळीस वर्षं चालवली. बॉबिनची केस काढून साफ करणं, दात्यांखालचा भुसा काढणं, बेल्ट कापून जोडणं, सुई आणि हुकाचा मेळ बसवणं, हे सगळं ती स्वतः करायची. मिस्त्री वर्षातून एकदाही यायचा नाही. पण घरात तिला कुणी मेकॅनिक म्हटलं नाही, आणि "हात काळे" झाले असंही म्हटलं नाही, कारण ते बाईचं काम होतं, म्हणजे मोजायचंच नव्हतं. हुक आणि सुईचं गणित ज्या हातांना कळतं त्यांना पिस्टन आणि खिडकीचं कळणार नाही, असं मला कुणी सांगू नये. उघडलेल्या इंजिनभोवती जमलेल्या पोरांमध्ये सगळ्यात नेमका प्रश्न माझ्या पुतणीनं विचारला होता: हे रबर फाटलं तर बाहेरून कळत का नाही?

एक आक्षेप मात्र मला गांभीर्यानं घ्यावासा वाटतो, आणि तो गॅरेजवाल्या मित्राचा आहे. तो म्हणाला, "सर, सगळे घरीच दुरुस्त करायला लागले तर आमचं पोट?" प्रश्न रास्त आहे, आपल्या मोहल्ल्यांत कितीतरी चुली याच धंद्यावर पेटतात. पण त्याला मी उलट विचारलं, तुझ्याकडे चेनसॉ शेवटची कधी आली? आठवेना. येतच नाहीत. लोक सर्व्हिस सेंटरला नेतात, तिथे "नवीन घ्या" ऐकतात आणि घेतात. त्याचं गिऱ्हाईक माझ्यासारख्या पडवीतल्या शिकाऊ माणसानं पळवलेलं नाही. सुटा भाग न देणाऱ्या, संचच विकणाऱ्या, खास हत्याराशिवाय न उघडणारे स्क्रू लावणाऱ्या कंपन्यांनी पळवलंय. नव्या मोटारसायकलींत हेच चाललंय: कंपनीचा स्कॅनर नसेल तर गल्लीतला उस्ताद बघत राहतो. आणि ज्यानं एकदा स्वतः इंजिन उघडलंय त्याला क्रँकचं बेअरिंग दाबून बसवणं म्हणजे काय काम असतं ते कळतं. तो ते काम मित्राकडेच नेतो आणि मजुरीवर घासाघीस करत नाही. मी नेलंय, सीलं त्याच्याकडूनच बसवून घेतली. मशीनच्या पोटात काय आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तोच मेकॅनिकला चोर म्हणतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै 2022 मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. त्यात शेतीची अवजारंही आहेत. चांगलं आहे. पण पोर्टलवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळणं आणि पिस्टनची रिंग सुटी मिळणं यात श्रीवर्धन ते मुंबई एवढं अंतर आहे. सुटे भाग विकायची, पुस्तिका मराठीत द्यायची, किती वर्षं भाग मिळतील ते खोक्यावर छापायची सक्ती करणारा कायदा पाहिजे. त्यासाठी आपल्या नेत्यांनी कधी तोंड उघडलंय? भावना दुखावल्यावर निवेदन घेऊन तहसीलला धावणारी मंडळी गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय येतो तेव्हा कुठे असतात?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर माझी एक मागणी आमच्या गावच्या जमातीकडे आहे, आणि ती मी गेल्या बैठकीत मांडलीही. कोकणातल्या बहुतेक जमातींकडे लग्नकार्यासाठी भांडी असतात. डेगी, परात, खुर्च्या, ताडपत्र्या. नाव लिहून न्यायची, घासून परत द्यायची. त्याच खोलीत एक लोखंडी पेटी ठेवा. कॉम्प्रेशनचा मीटर, टॉर्क्स आणि ॲलनच्या चाव्यांचा संच, मॅग्नेट ओढायचा पुलर, चेनला धार द्यायच्या गोल कानशी, दोन चष्मे. एका वालीम्याच्या मंडपाच्या खर्चातही बसेल एवढं सामान. मोहल्ल्यातला, शेजारच्या वाडीतला, कुठल्याही समाजाचा माणूस येऊन नाव लिहून नेईल. सुट्टीवर आलेल्या फिटर-मेकॅनिक मंडळींनी एका रविवारी दोन तास पोरापोरींना बसवून एक जुनं इंजिन उघडून दाखवावं. माझ्या भावाचं नाव मी त्याला न विचारताच यादीत टाकलंय.

बैठकीत एका बुजुर्गांनी विचारलं, "मास्तर, भांड्यांच्या खोलीत ग्रीसचे डाग पडले तर?" त्यावर चर्चा अजून चालू आहे.